पाच मीटरचा चौकोन

९ फेब्रुवारी

बुटके,

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावलीस. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू 'जेवलास का, जेवलास का' यात घालवतेस. जेवतो. कागदावर माणूस एकदाच विचारतो, हे बरं पडतं.

पाऊस नाही. पेरणीनंतर एकदा भुरभुर झाली, तेवढीच. गहू माझ्या घोट्याच्या जरा वर आलाय आणि एवढ्यातच त्याला ओंब्या फुटायला लागल्यात. म्हणजे त्यालाही कळलंय की यंदा काही खरं नाही. बियाणं, खत, डिझेल, सगळं सगळ्यांनी दुकानदाराकडून उधार आणलंय. पूर्वी तो आम्हाला लांबून बघून स्टूल पुढं करायचा. आता वही पुढं करतो. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं तर ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी बायकोच्या नावावरची जमिनीची पट्टी गहाण टाकली म्हणतात. तो स्वतः मला काही बोलला नाही.

सगळ्यांची भिस्त आता पीकविम्यावर. तुला शहरात हे कळायचं नाही म्हणून सांगतो. विमा एकेकट्याच्या शेताचा हिशेब करत नाही. पीक तयार झालं की मोजणीचं माणूस येतं. अख्ख्या वस्तीत चार शेतं चिठ्ठी काढून निवडतात, प्रत्येकात पाच मीटरचा एक चौकोन आखतात, तेवढाच गहू कापून तोलतात. चारींची सरासरी ठरलेल्या रेषेच्या खाली आली तर सगळ्यांना भरपाई. वर आली तर कुणालाच दमडी नाही. दुष्काळात सरासरी वर कशाला येतेय, तेव्हा त्याची काळजी नको.

माझं म्हणशील तर मी मजेत आहे. अंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी रोज बादलीनं घरामागच्या कोपऱ्यात नेऊन ओततो. चारेक बादल्या होतात. तेवढ्या तुकड्यात गहू कमरेला लागलाय. घराआड असल्यानं रस्त्यावरून दिसत नाही, नाहीतर लोक म्हणाले असते, म्हातारा गव्हाला न्हाऊमाखू घालतो. पण तुझी वहिनी गेल्यापासून संध्याकाळ फार लांबते, हाताला काहीतरी हवं. बाकीच्या शेताकडे बघवत नाही, म्हणून त्या तुकड्याकडे बघत बसतो. ट्रॅक्टरवाला कुंपणापलीकडून हात करतो आणि जातो. तुझी वहिनी होती तेव्हा चहाला थांबायचा. माझ्या हातचा चहा त्यानं एकदा प्यालाय, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

जेवलास का? बघ, कागदावरही विचारलं.

तुमच्याकडे गहू नाही म्हणून इकडे आमचा पाव लहान झालाय. खरंच सांगते. पीठ महागलं तसं आमच्या कारखान्याच्या मालकांनी साचे बदलले. वेष्टन तेच, भाव तोच, आत हवा जास्त. मी वेष्टनाच्या सरकत्या पट्ट्यावर उभी असते, मला हातात घेतल्याबरोबर कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही, किंवा कळून तो गप्प बसतो. सहा दिवसांचं काम चार दिवसांवर आणलंय. मला तर आरामच झाला, पाय दुखायचे राहिले.

त्या कोपऱ्याचं वाचून बरं वाटलं. एवढं तरी हिरवं राहिलं तुझ्या डोळ्यांसमोर. बादल्या भरभरून उचलू नकोस, अर्ध्या उचल. तुझी कंबर आणि तुझी हौस यांचं कधी जमलेलं नाही.

एकटं वाटलं तर लिहीत जा. मला सुट्टीचे दोन दिवस आता कसे घालवायचे ते कळत नाही, वाचायला पत्र असलं की एक तरी जातो.

बुटकी

२७ मार्च

बुटके,

आज मुद्दाम लिहितोय, कारण आज तुझ्या भावाचं कौतुक झालं आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.

मोजणीचं माणूस आलं. माणूस म्हणजे मुलगीच, पंचविशीची असेल. डोक्याला रुमाल, पायात मोठे बूट, खांद्यावर काटा आणि दोरी. चार शेतांत माझं शेत निघालं. बाकी कुणी बघायला आलं नाही, टँकर आला होता आणि सगळी वस्ती त्याच्या रांगेत होती. तिच्याकडे आकड्यांचा तक्ता असतो. इतकी पावलं लांबीकडून, इतकी रुंदीकडून, आणि जिथं पाऊल थांबेल तिथं खुंटी. आपल्या मनानं जागा निवडायची नाही. ती तोंडानं मोजत चालली होती, मी मागे. घराला वळसा घालून पाऊल थांबलं ते नेमकं माझ्या कोपऱ्यात.

पोरगी उभीच राहिली. मला म्हणाली, आजोबा, यंदा मी साठ-सत्तर चौकोन कापले असतील, असा गहू कुठं पाहिला नाही. ओंबी हातावर चोळून दाणे मोजले तिनं. मग कापलं, झोडलं, तोललं. नऊ किलो. मी पोतं धरून उभा होतो. माझी छाती कशी झाली असेल ते तू समज. वर्षभरात कुणी माझ्याशी पावसाखेरीज दुसऱ्या विषयावर बोललेलं नाही. तिनं बसून पाणी प्यायलं, किती वर्षं शेती करता विचारलं, तुझ्या वहिनीचं विचारलं. अर्धा तास बसली.

ती गेल्यावर मी तो मोकळा चौकोन बघून आलो. जरा चुटपुट लागली. पण गहू कापायलाच असतो.

दादा

५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. एक म्हणाली, तुमच्या भावाला इकडे बोलवा, आमच्या खिडकीतल्या कुंड्या बघून जाईल. मी म्हटलं, तो फुकट येणार नाही, नऊ किलोवाला आहे.

वहिनी असती तर तिनं तुला दोन दिवस चिडवलं असतं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला सांगत फिरली असती. ती नाही म्हणून मी फिरले, एवढंच.

विम्याचे पैसे कधी येतात ते कळव. दुकानदाराचं मिटलं की तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. माझं काम आता तीन दिवसांवर आलंय, त्यामुळे या महिन्यात तुला काही पाठवता आलं नाही. पुढच्या महिन्यात बघते.

बुटकी

१६ एप्रिल

बुटके,

पैसे पाठवायची काही गरज नाही, आधी स्वतःचं बघ.

विम्याचा निकाल आला. भरपाई नाही. सरासरी रेषेच्या वर गेली म्हणे. साडेतीन किलोची रेषा होती, आमची पावणेचार झाली. दुकानाच्या भिंतीवर कागद लावलाय. लोक तो कागद वाचायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. दुकानदारानं त्याच दिवशी उधारी बंद केली. ट्रॅक्टरवाल्याची बायको तिथं पायरीवर खाली बसली ती उठेचना, दोघींनी धरून नेलं.

सगळ्यांचं म्हणणं पडलं की त्या मोजणीवालीनं विमावाल्यांकडून पैसे खाल्ले. एरवी दुष्काळात असा आकडा येईलच कसा. तक्रार करायची ठरली. माझ्या शेतातला चौकोन, म्हणून पहिली सही माझी हवी असं सगळे म्हणाले. दिली. तिला कामावरून बाजूला केलंय आणि याच महिन्यात ऑफिसात सुनावणी आहे. ती तिथं खोटी ठरली की नव्यानं हिशेब होईल अशी लोकांना आशा आहे.

आता गंमत ऐक. रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर दहा-बारा माणसं असतात. इथंच बसून सगळं ठरतं. मी सतरंजी टाकतो, ट्रॅक्टरवाला सगळ्यात आधी येऊन भिंतीला पाठ लावून बसतो. त्याच्या बायकोनं परवा भाजीचं पातेलं पाठवलं, काल दुसऱ्या कुणी. चहा मीच करतो आणि लोक पितात, यावरून तू काय ते समज. तुझ्या वहिनीच्या माघारी या घरात एवढे आवाज झाले नव्हते. झोपताना कान भरलेले असतात. लोकांवर एवढी आफत आली आणि मला बरं वाटतंय, हे वाईट आहे, पण तुला खरं ते सांगितलं.

दादा

२१ एप्रिल

दादा,

माणसं येतात, तू चार घास नीट खातोस, हे वाचून आधी मी हसले. मग पत्र परत वाचलं. मग तुझी जुनी पत्रं काढून वाचली.

ती पोरगी चौकोन आखत होती तो कोपरा म्हणजे तोच ना, जिथं तू रोज चार बादल्या ओतत होतास?

बाकीच्या तीन शेतांत किती किलो निघाले ते कळव.

बुटकी

२४ एप्रिल

दोन, अडीच आणि दीड.

शेतीतलं तुला फारसं कळत नाही, तेव्हा उगाच शंका काढू नकोस. चार भांड्यांचं सांडपाणी म्हणजे काही कालवा नव्हे. जमीन तिथली मुळातच चांगली आहे, बाबा असल्यापासून. सुनावणी अठ्ठावीसला होती ती आता पुढच्या महिन्याच्या चार तारखेवर गेलीय. माझ्याकडे माणसं बसलीत, जास्त लिहीत नाही.

दादा

२९ एप्रिल

दादा,

शेतीतलं मला कळत नाही. पण मी तीस वर्षं पट्ट्यावर उभी आहे आणि बेरीज मला येते. दोन, अडीच, दीड आणि नऊ, चारांनी भागले की पावणेचार होतात. नऊ काढून बघ. तिघांची सरासरी दोन येते. रेषेच्या किती खाली आहे ते तू मला सांग.

जमीन चांगली होती तर बाकीच्या शेतात गहू घोट्याएवढा का राहिला? बाबांची जमीन तेवढ्याच पाच मीटरपुरती होती का?

तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला माहीत आहे. चिठ्ठीत तुझं शेत निघालं आणि पाऊल तिथं थांबलं, यात तुझा काय दोष. पण आता तुला ठाऊक आहे आणि तू गप्प आहेस. ट्रॅक्टरवाला तुझ्या भिंतीला पाठ लावून बसतो, तुझा चहा पितो, आणि त्याची पट्टी तुझ्यामुळे जाणार आहे. ती पोरगी पंचविशीची आहे. तिची नोकरी गेली आणि वर चोर म्हणून नाव झालं, तर ती कुठं तोंड दाखवेल?

तू का बोलत नाहीस तेही मला कळतंय. मी इथं खोलीत एकटी राहते, दादा. मला कळणार नाही तर कुणाला कळेल? कुणी दार वाजवलं तर बिल मागायला आलेला माणूस असतो, आणि मी त्यालासुद्धा आत बसा म्हणते. तुझ्या जागी मी असते तर मीही चार दिवस सतरंजी टाकली असती. पण जन्मभर टाकता आली नसती.

चार तारखेच्या आधी बोल. तुला तिथं एकट्याला उभं राहवणार नसेल तर कळव, मी येते. कारखान्यानं आता आठवड्याचे दोनच दिवस ठेवलेत, मला कुणी अडवणार नाही. हे तुला आधी सांगितलं नव्हतं.

बुटकी

८ जून

बुटके,

महिना झाला, तुला उत्तर दिलं नाही. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही वाचली. रागावलो नव्हतो. पहिले काही दिवस होतो, मग नव्हतो.

चार तारखेला आम्ही वीस-बावीस जण दोन गाड्या करून ऑफिसात गेलो. लांबट खोली, मध्ये टेबल, वर पंखा, पण तो चालू नव्हता. ती पोरगी एका टोकाला बसली होती. रुमाल नाही, बूट नाहीत, त्यामुळे मी आधी ओळखलीच नाही. साहेबांनी तक्रार वाचून दाखवली. पहिल्या सहीचा माणूस कोण म्हणून विचारलं. मी उठलो.

गाडीत ट्रॅक्टरवाल्यानं मला शिकवलं होतं काय बोलायचं ते. तिनं जागा स्वतःच्या मनानं निवडली, असं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "तिनं सगळं नियमानं केलं. त्या तुकड्याला मी तीन महिने पाणी घालत होतो. ती वजनात खोटी नाही, मी खोटा आहे."

आणि आता तुला जे लिहिलं नव्हतं ते लिहितो. कापायच्या आधी तिनं मला विचारलं होतं. तिच्या कागदावर तो प्रश्न छापलेला असतो, या भागाला वेगळं पाणी दिलं आहे का. दिलं म्हटलं असतं तर तिनं तो चौकोन सोडून राखीव आकड्यावर दुसरा आखला असता. पण ती नुकतीच म्हणाली होती की असा गहू कुठं पाहिला नाही. मला वाटलं, भांड्यांचं पाणी म्हटलं की हिचं तोंड उतरेल, काम उरकून निघून जाईल. मी म्हटलं, नाही, पाणी कसलं, शेतकऱ्याचा हात लागतो. त्याखाली सही केली. मग ती बसली, पाणी प्यायली, वहिनीचं विचारलं. तुझ्या वहिनीबद्दल दोन शब्द कुणी विचारावेत म्हणून मी अख्ख्या वस्तीची भरपाई घालवली, बुटके. तेव्हा मला ते कळलं नव्हतं, पण कळल्यावरही मी दोन-तीन आठवडे चहा करत बसलो.

सुनावणी संपल्यावर ती बाहेर व्हरांड्यात कागद गोळा करत होती. मी जवळ गेलो. तिनं वर बघितलं नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला विचारलं होतं."

ऑफिसनं माझा चौकोन रद्द केला आणि उरलेल्या तिघांवर हिशेब धरला. मागच्या आठवड्यात सगळ्यांची भरपाई जमा झाली. पोरगी कामावर परत लागली, फक्त आता दुसऱ्या भागात असते. ट्रॅक्टरवाल्याची पट्टी सुटली. दुकानदार पुन्हा स्टूल पुढं करतो. माझं नाव यादीत नाही. माहिती लपवली म्हणून माझी भरपाई रद्द, असं पत्र आलं, आणि ते बरोबर आहे. दुकानाचं देणं भागवायला घरापुढची जमीन दोन हंगामांसाठी ट्रॅक्टरवाल्याला कसायला दिली. भावाची घासाघीस त्यानं केली नाही. पण पैसे पोराच्या हाती पाठवले, स्वतः आला नाही.

कुणी मला वाईट बोललं नाही. परत येताना गाडीतही नाही. मी खिडकीशी बसलो होतो, बाजूची जागा मोकळी होती. आता रस्त्यात दिसलो की माना हलवतात आणि काहीतरी काम आठवल्यासारखे पुढं जातात. मी त्यांचं नुकसान केलं म्हणून का माझं नुकसान होऊन त्यांना मिळालं म्हणून, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. सुनावणीनंतर आठ दिवस मी रोज संध्याकाळी सतरंजी टाकली. मला वाटलं होतं, निदान शिव्या द्यायला तरी कुणीतरी येईल. नवव्या दिवशी टाकली नाही.

बोललो त्याचा पश्चात्ताप नाही, हे तुला ठामपणे सांगतो. रात्री झोप लागते. जेवतो. पण दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही, आणि काल मांजराला हाकलताना माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

त्या खोलीत बावीस माणसांसमोर बोलताना मी अडखळलो नाही. हे पत्र मात्र चार दिवस टेबलावर पडून आहे, कारण शेवटची ओळ लिहायला जमत नव्हती. तू एप्रिलच्या पत्रात येते म्हणालीस. मी उत्तर न देऊन नको म्हटलं. इथं पाऊस नाही, गहू नाही, माणसं नाहीत, तुला द्यायला काही नाही. मला एकट्याला राहवत नाही. ये.

दादा